गुन्हेगाराविना रहस्यकथा

वादाला तोंड फोडले ते कट्ट्यावरच्या निवृत्त फौजदारांनी. स्तानिस्वाव लेम या पोलिश विज्ञानकथाकाराची १९५९ची ‘द इन्व्हेस्टिगेशन’ त्यांनी नुकतीच हातावेगळी केली होती. इंग्लंडमधल्या शवागारांतून प्रेते जागची हलतात, नाहीशी होतात, स्कॉटलंड यार्डचा ग्रेगरी त्यांचा माग काढत हिंडतो आणि अखेरपर्यंत गुन्हेगार काही सापडत नाही. ही वाचकाची शुद्ध फसवणूक आहे, असे त्यांचे ठाम मत पडले.

पॅथॉलॉजीत हयात घालवलेल्या डॉक्टरबाईंना ते मुळीच मान्य नव्हते. लेम हा ल्वूफमधल्या (आताचे युक्रेनमधले ल्विव्ह शहर) कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा मुलगा. स्वतःही वैद्यकच शिकला, आधी ल्वूफला आणि युद्धानंतर क्राकूवला. पण लष्करात डॉक्टर म्हणून अडकून पडावे लागू नये यासाठी त्याने शेवटच्या परीक्षा पूर्ण केल्या नाहीत, हे त्यांनी सांगितले. “अहो, माणूस दगावला की दर वेळी कोणीतरी विष घातलेलेच असते का?”

मला त्यांचे म्हणणे लेमच्याच १९७६च्या ‘द चेन ऑफ चान्स’ या कादंबरीमुळे पटते. नेपल्सला आलेले पन्नाशीच्या घरातले, एकटे परदेशी पुरुष भ्रमिष्ट होऊन मरतात. त्यांच्यापैकी एकाच्या वाटेने मुद्दाम फिरलेल्या माजी अंतराळवीराला काहीच सापडत नाही. पुढे पॅरिसच्या हॉटेलात तोच उन्माद अंगावर येतो, तेव्हा शुद्ध आहे तोवर तो स्वतःला बेड्यांनी रेडिएटरला जखडून घेतो आणि म्हणूनच वाचतो. केसांचे मलम, ॲलर्जीवरचे औषध, गंधकाचे स्नान, साखरेत घोळवलेले बदाम असे सारे साधेच; पण एका शरीरात जुळून आले की घातक. इथे खुनी कोणी नाही, तरी उत्तर चोख आहे, आणि ते वैद्यक शिकलेल्या माणसालाच सुचावे असे आहे.

“हे मान्य,” फौजदार म्हणाले, “पण पहिल्या कादंबरीत संख्याशास्त्रज्ञ नुसते सूत्र मांडतो, प्रेत का हलले ते सांगतच नाही.” हा आक्षेप मला रास्त वाटतो, खुद्द लेमलाही नंतरची कादंबरीच अधिक जमलेली वाटत होती.

डॉक्टरबाई मात्र हटल्या नाहीत. शवविच्छेदनाच्या अहवालात ‘मृत्यूचे कारण निश्चित सांगता येत नाही’ असे लिहिण्याची वेळ येते, आणि तसे प्रामाणिकपणे लिहिणारी रहस्यकथा म्हणून आपल्याला पहिलीच अधिक प्रिय आहे, असे त्या म्हणाल्या. त्यावर, तसा अहवाल हाती आला की तपास बंद करता येत नाही, तो नव्याने सुरू करावा लागतो, असे फौजदारांनी सुनावले.