बोटावर लेझर, आत्याच्या इन्सुलिनवर घाला

शिवाजी पेठेतल्या आमच्या आत्यानं परवा संध्याकाळचं इन्सुलिन घेतलंच नाही. कारण काय, तर शिबिरातल्या मशीननं शुगर १०८ दाखवली. त्या शिबिराचा मेसेज कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय: ‘सर सी. व्ही. रामन यांच्या नोबेलविजेत्या लेझर शोधावर आधारित मशीन. बोट ठेवा, ३० सेकंदांत शुगर, कोलेस्टेरॉल, कॅन्सर. सुई नाही, रक्त नाही. इन्सुलिनचा डोसही यावरूनच ठरवा. किरणोत्सर्ग नाही.’ मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज लेझरच्याच मशीनपुढं बसतो. म्हणून गप्प बसवेना.

रामन यांचं आधी उरकतो. त्यांचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, नोबेल १९३० चं. लेझर पहिल्यांदा चालला १९६० मध्ये. म्हणजे ‘रामन यांचा लेझर शोध’ ही थापच. प्रकाश रेणूवर आदळून विखुरतो तेव्हा त्यातल्या अगदी थोड्या भागाचा रंग बदलतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो, हे मात्र खरं. रामन यांनी ते लेझरशिवाय दाखवलं, ही तर त्यांची कमाल.

आता शुगर. ‘अगदी थोडा भाग’ म्हणजे साधारण कोटीत एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण. त्यात शुगर १०० असलेल्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती, तर जेमतेम ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. त्याच्याआड कातडी, चरबी, प्रथिनं, हिमोग्लोबिन. कातडी स्वतःच लेझरखाली चमकते आणि त्या चमकेत ग्लुकोजचा संकेत बुडून जातो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये जिवंत डुकरांच्या त्वचेतून तो संकेत थेट टिपला, तर त्यावर शोधनिबंध झाला. एवढ्या अवघड कामाला आपल्याकडं हॉलमधलं टेबल आणि एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो होय?

औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला: कातडीला न टोचता शुगर मोजतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मंजुरी दिलेली नाही. दंडावर चिकटवतात त्या सेन्सरलासुद्धा केसासारखी तार कातडीखाली घालावी लागते.

आणि डोस? मशीननं खोटी जास्त शुगर दाखवली आणि पेशंटनं इन्सुलिन वाढवलं, तर शुगर ७० च्या खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो, झोपेत झालं तर घरच्यांना पत्ताही लागत नाही. खोटी नॉर्मल दाखवली आणि इन्सुलिन सुटलं, की उलटं होतं, शुगर चढत जाते. आत्याला त्या रात्री घरच्या ग्लुकोमीटरवर २४३ आली. मधे जेवण झालं होतं, तेव्हा हा काही पुरावा म्हणून सांगत नाही. पण ज्यानं ‘डोस यावरूनच ठरवा’ हे वाक्य लिहिलं, त्याला जरा समोर आणा की राव.

कॅन्सरबद्दल थोडं मान्य करावं लागेल. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कॅन्सरवर रामन तंत्रानं खरंच संशोधन झालंय. पण तिथं प्रकाश तोंडातल्या जागेवर टाकतात, बोटावर नाही. आणि निदान आजही बायोप्सीवरच, म्हणजे तुकडा काढून तपासल्यावरच होतं.

विखुरलेल्या प्रकाशाची खरी करामत बघायची असेल तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी बघा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त पातळ करून आमचं मशीन पेशी एकेक करून लेझरपुढून सोडतं. सरळ पुढं विखुरलेला प्रकाश पेशी केवढी मोठी ते सांगतो, बाजूला गेलेला तिच्या आतले कण. त्यावरून पांढऱ्या पेशींमधली न्यूट्रोफिल कुठली, लिम्फोसाइट कुठली ते वेगळं होतं. एवढं करूनही प्लेटलेटचे गठ्ठे झाले की मशीन फ्लॅग, म्हणजे इशारा देतं आणि आम्ही स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघतो. आणि हे सगळं होतं रक्त बाहेर काढल्यावर, बरं का.

किरणोत्सर्ग नाही, हे बरोबर. टॉर्चमध्येपण नसतो.

ज्यांनी शिबिरातल्या त्या आकड्यावरून डोस बदललाय किंवा सोडलाय, त्यांनी आजच ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपवर शुगर बघा आणि आपल्या डॉक्टरांना फोन करा. घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि माणूस शुद्धीवर असला, तर आधी साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.