टीडीएस मीटर चांदीचे नॅनोकण मोजत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शास्त्रज्ञ आता चांदीचा एकेक नॅनोकण (डोळ्याला न दिसणारा अतिसूक्ष्म कण) विजेने मोजतात, तेव्हा चांदीच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवा, सकाळी टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा) आकडा वाढला की तेवढे कण उतरले.

पहिला भाग खरा आहे. पुढचा साफ चुकीचा.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता पाहतं आणि ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असतातच. तो आकडा मुख्यतः त्यांचा. पाणी जरा आटलं तरी वाढतो.

प्रयोगशाळेतली रीत निराळी. केसाहून बारीक, काही मायक्रोमीटरचा कार्बनचा इलेक्ट्रोड द्रावणात बुडवतात आणि त्यावर चांदीचं ऑक्सिडीकरण होईल एवढं विभव (व्होल्टेज) ठेवतात. तरंगता कण येऊन आदळला की तो विरघळतो, त्याचे इलेक्ट्रॉन निघतात आणि विद्युतप्रवाहाच्या आलेखावर क्षणभराची उभी रेघ उमटते. त्या रेघेखालचा विद्युतभार मोजला की फॅराडेच्या नियमाने (किती भार वाहिला यावरून किती पदार्थ विरघळला ते सांगणाऱ्या) कणातले अणू किती ते कळतं. 20 नॅनोमीटर व्यासाच्या कणात अदमासे अडीच लाख अणू, म्हणजे भार जेमतेम 40 फेम्टोकूलॉम (कूलॉम हे विद्युतभाराचं एकक, फेम्टो म्हणजे त्याचा दहा कोटी-कोटीवा भाग)! एवढासा संकेत टिपायला बाहेरच्या विजेची गडबड अडवणारी धातूची पेटी लागते. 2007 मध्ये झिआओ आणि बार्ड या रसायनशास्त्रज्ञांनी प्लॅटिनमच्या कणांच्या अशा टकरी नोंदवल्या. तिथे कण विरघळत नाही, त्याच्या पृष्ठभागावर अभिक्रिया चालते.

आकडा वाढावा म्हणून कोणी मुद्दाम चांदीचं पाणी तयार करून रोज पीत असेल, तर कृपया थांबवा. चांदी शरीरात साठत गेली तर त्वचा कायमची निळसर-करडी पडते.