हक्क द्यायचा अन् व्याख्येत अडकवायचा

आरोग्याच्या हक्कावरच्या एका लेखात म्हणलंय की आरोग्याचा हक्क कुठपर्यंत हे विधिमंडळानं ठरवावं, कोर्टानं नाही. मान्य, पैसा त्यांनाच काढायचा असतो. पण राजस्थानात काय झालं बघा ना, २०२३ ला कायदा केला, इमर्जन्सीत ॲडव्हान्स न घेता उपचार, त्यात साप चावणं अन् ॲक्सिडेंट नाव घेऊन लिहिलंय, पण डॉक्टर लोक संपावर गेले म्हणून ५० पेक्षा कमी बेडचे खाजगी दवाखाने बाहेर ठेवायचं ठरलं. आता असाच कायदा आपल्याकडं आला तर आमच्या बीडकडच्या तालुक्याच्या गावात ५० बेडचा खाजगी दवाखाना दाखवा बरं मला! म्हणजे हक्क असेल, पण लागू होईल असा दवाखानाच नाही.

चुलत्याला सोयाबीन काढताना साप चावला तवा काउंटरवाल्यानं आधी डिपॉझिट मागितलं, चुलती गळ्यातली पोत काढून हातात धरून उभी. सुप्रीम कोर्टानं १९९६ लाच सांगितलंय की पैसा नाही म्हणून सरकारला जीव वाचवायची जबाबदारी टाळता येत नाही, घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क. ते सरकारी दवाखान्यांचं होतं म्हणा. मर्यादा घाला, पण पोत काढायला लावणारी नको.