वाऱ्याला रकाना नसतो

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर घड्याळ बघून फिरायला निघणाऱ्याची कीव करावी. आमचे मेव्हणे तर मिनिटामिनिटांची छापील कार्यक्रमपत्रिका घेऊन निघाले होते. तिच्यात स्कारा ब्रेला पाऊण तास, पफिन पक्ष्यांना अर्धा तास आणि ‘निसर्गसौंदर्याचा आस्वाद’ घेण्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवलेली होती. वाऱ्याला मात्र एकही रकाना नव्हता.

स्कारा ब्रे ही सुमारे ५००० वर्षांपूर्वीची वस्ती १८५०च्या वादळाने वाळू उडवून उघडी पाडली, आणि त्या सकाळचा वारा उरलेले उत्खननही उरकून टाकण्याच्या तयारीत दिसत होता. घरांत उतरू देत नाहीत, वरूनच डोकवायचे. दोन्ही बाजूंना दगडी पलंग आणि दारासमोर दगडी फळ्यांची ऐसपैस मांडणी. “दादा, आल्यागेल्याला भांडी दिसली पाहिजेत, हे त्या बाईला तेव्हाही कळत होतं बघ,” असे म्हणून आमच्या सौभाग्यवती तिथून हलेनात.

ब्रॉख ऑफ बर्सेला पोहोचलो तेव्हा त्या बेटावर जाण्याची वाट समुद्राखाली होती. ओहोटीच्या आगेमागे साधारण दोन-दोन तासच तिथे पायी जाता येते, हे सौभाग्यवतींनी निघण्यापूर्वी सांगितले होते. पण मेव्हण्यांच्या मते समुद्रानेही थोडी शिस्त पाळायला हवी होती. संध्याकाळी पाणी हटल्यावर शेवाळावरून एकमेकांचे दंड धरत पलीकडे गेलो आणि पिक्ट (स्कॉटलंडचे प्राचीन रहिवासी) व नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेले) लोकांच्या घरांचे गुडघ्याएवढे अवशेष टोपी सांभाळत पाहिले. पफिनसाठी दुपार नेमलेली होती. तेव्हा ती मंडळी बहुधा समुद्रावर असतात. उशीर झाला म्हणूनच कड्याच्या टोकाशी तीन पफिन दिसले, नारिंगी पाय फाकवून, मामलेदाराच्या रुबाबात उभे.

मेव्हण्यांना मात्र हाताच्या अंतरावर बसलेल्या फुल्मारचा फोटो हवा होता. सीगलसारखा दिसणारा हा पक्षी घरट्याजवळ आलेल्यावर पोटातले दुर्गंधी तेल नेम धरून थुंकतो. ते तेल मेव्हण्यांच्या कोटावर गळ्यापासून खिशापर्यंत ओघळले.

भाड्याची गाडी परत करताना तिथल्या गृहस्थांनी “मासळी नेली होती का?” असे अदबीने विचारले. आपण जन्मजात शाकाहारी आहोत, असे मेव्हण्यांनी ठणकावून सांगितले. त्यावर त्या गृहस्थांनी काही न बोलता चारही दारे उघडली.