छोट्या लॅपटॉपला नावं ठेवण्याआधी कळफलकाला हात लावून बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की अंध मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: अंध मुलाला छोटा लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात. एवढ्याशा स्क्रीनवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर नीट चालत नाही. ते सॉफ्टवेअर घ्यायचं तर लॅपटॉपपेक्षा महाग. मराठी ते वाचत नाही. आणि आता मोबाइलच सगळं बोलून दाखवतो, मग लॅपटॉप हवा कशाला?

मी जन्मापासून अंध आहे आणि अकरा इंची लॅपटॉपवर रोज सहा-सात तास अनुवादाचं काम करते. हा संदेश वाचून एखाद्या घरात लॅपटॉपचा बेत रद्द होत असेल, या विचाराने मला स्वस्थ बसवेना, म्हणून लिहितेय.

आधी स्क्रीनचं. स्क्रीन रीडर, म्हणजे हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, काही पडद्याकडे बघून वाचत नाही. कुठली खिडकी उघडी आहे, कुठल्या बटणावर आपण आहोत, ओळीत काय लिहिलंय, हे तो विंडोजकडून आणि त्या-त्या प्रोग्रॅमकडून थेट मागून घेतो आणि बोलतो. पडदा अकरा इंची असो की सतरा, कानाला येतं ते तेच. मी तर पडदा काळाच ठेवते. मी वापरते त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘स्क्रीन कर्टन’ नावाची सोय आहे, ती चालू केली की एसटीत शेजारच्याला माझी पत्रं वाचता येत नाहीत. ब्राइटनेसही शून्यावर असतो, त्यामुळे बॅटरी जास्त पुरते. ज्यांना थोडं दिसतं आणि जे अक्षरं मोठी करून वाचतात, त्यांना मात्र मोठा पडदा हवाच. संदेशात हा फरकच केलेला नाही.

महाग सॉफ्टवेअरचा मुद्दा एके काळी खरा होता. जॉज हा स्क्रीन रीडर उत्तम आहे, पण त्याची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडत नाही. म्हणूनच २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला. लहानपणी संगीत शिबिरात भेटलेला त्याचा अंध मित्र जेम्स टेह पुढे त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीए आजही मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे. पेन ड्राइव्हवर टाकून नेला तर सायबर कॅफेतला कॉम्प्युटरही बोलायला लागतो. शिवाय विंडोजमध्ये नॅरेटर हा स्क्रीन रीडर असतोच.

‘नीट चालत नाही’ हे अर्धं खरं आहे, पण त्याचा दोष आकाराकडे जात नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये चार जीबी रॅम आणि संथ साठवण असते. ब्राउझर उघडला की मशीन अडकतं आणि आवाजही अडकतो. डोळस माणसाला निदान फिरणारं चक्र दिसतं. आपल्याला नुसती शांतता ऐकू येते आणि मशीन बंद पडलंय की अजून विचार करतंय, ते कळत नाही. म्हणून आठ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, एवढं बघून घ्या. महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. इअरफोन वायरचा घ्या, कारण ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि काही वेळा पहिलं अक्षर गिळलं जातं.

छोट्या लॅपटॉपची खरी अडचण कळफलकात आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. उजवीकडचे आकडे नसतात. होम, एंड, पेज अप बाणांच्या कळांमध्ये कोंबलेले असतात आणि एफएन दाबून वापरावे लागतात. इन्सर्ट कधी सापडतच नाही. यावर उपाय आहे: एनव्हीडीएमध्ये लॅपटॉपची मांडणी निवडायची आणि एनव्हीडीएला आज्ञा द्यायची मुख्य कळ इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक करायची. माझ्या लॅपटॉपवर वरचा आणि खालचा बाण अर्ध्या-अर्ध्या कळेचे आणि एकमेकांना चिकटलेले आहेत. पहिला महिनाभर मी वर जायचं तिथे खाली जायची. शेवटी आईने खालच्या बाणावर एक जाड मखमली टिकली चिकटवली. ती झिजली की नवी लावते, बास.

मराठीबद्दल सांगायचं तर एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक, म्हणजे त्याला आवाज देणारा प्रोग्रॅम, मराठी वाचतो. आवाज यांत्रिक आहे आणि ‘चाक’मधला च तो ‘चार’मधल्या चसारखाच काढतो, पण आठवड्याभरात कान सरावतो. जे वाचता येत नाही ते जुन्या फॉन्टमधलं मराठी. कृतिदेव किंवा शिवाजीमध्ये टाइप केलेली फाइल आतून इंग्रजी अक्षरांचीच असते, त्यामुळे स्क्रीन रीडर ती अक्षरं बडबडत सुटतो. हा दोष फाइल बनवणाऱ्याचा आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही देवनागरी असलेल्या अक्षरांत, दिला की प्रश्न मिटतो, हे शाळा-कॉलेजांना ठणकावून सांगायला हवं.

आता मोबाइल. मीही तो दिवसभर वापरते. हातातली नोट किती रुपयांची आहे हे रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप सांगतं, रिक्षाही फोनवरूनच बोलावते. पण फोनवर मूल बोलतं आणि फोन लिहितो. त्यात मुलाच्या हाताला शुद्धलेखन कधी लागतच नाही. मराठी टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर डाव्या तर्जनीखाली, उंचवटा असलेल्या एफच्या कळेवर, ऱ्हस्व वेलांटी असते. दीर्घ वेलांटी त्याच बोटाने वरच्या ओळीतल्या आरवर. ‘दिन’ की ‘दीन’, हे दर वेळी बोटाला ठरवावं लागतं. माझं शुद्धलेखन असं बोटांतून पक्कं झालं. तीस पानांच्या प्रकल्पात स्क्रीन रीडर चालू ठेवून एचची कळ दाबत मथळ्यामागून मथळ्यावर उडी मारणं, एक्सेलच्या तक्त्यात रकाने तपासणं, स्वतःचं वाक्य खोडून पुन्हा लिहिणं, ही कामं नोकरीत रोज करावी लागतात. फोनवर ती कशीबशी होतात आणि माणूस दमून जातो. ज्या मुलाला फक्त फोन दिला, त्याच्या हातात ऐकण्याचं साधन दिलं, लिहिण्याचं दिलं नाही. या संदेशाचा मला राग येतो तो इथे.

तेव्हा दुकानात मुलाला सोबत न्या. काउंटरवरच्या लॅपटॉपवर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबा, नॅरेटर बोलायला लागेल. त्याच तीन कळांनी तो बंद होतो. मुलाला पाच मिनिटं बसू द्या. एफ आणि जेवरचे उंचवटे बोटाला लागतात का, बाण सापडतात का, कळ दाबल्यावर आवाज लगेच येतो का, हे त्यालाच विचारा.