मीटरवर २६० आलं म्हणून पाणी चांगलं?

आमच्या रो-हाऊसच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय: बोअरचं पाणी ३०० फुटांवरून गाळून येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ५०० च्या आत असला की बिनधास्त प्या, फारच शंका वाटली तर उकळा.

गाळून? अहो, इथं खाली काळा पाषाण आहे, वाळूचा थर नाही. पाणी फटीफटीतून पळतं, तिथं कसली आलीय गाळणी. आणि ३०० फूट म्हणजे बोअरचा तळ, पाणी तेवढ्याच खालून येतंय असं कुठाय? केसिंगच्या (बोअरमध्ये वरून उतरवलेल्या पाइपच्या) कडेची पोकळी नीट भरली नसेल तर वरची घाण तिथूनच खाली उतरते. आमच्या बोअरचं तोंड जमिनीला टेकलेलं, त्यावर पोतं तारेनं बांधलेलं आणि सेप्टिक टँक तिथून मोजून बारा पावलांवर!

टीडीएसचं तर बोलायलाच नको. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसतच नाहीत. मे महिन्यात आमचा आकडा ४२०, जुलैत २६०, सगळे खूश की पाणी सुधारलं. सुधारलं कसलं, पावसाचं पाणी आत शिरलं होतं. मी एचटूएसची बाटली (घरच्या घरी जंतू तपासायची, जंतू असले की पाणी काळं होतं) आणली, खुणेपर्यंत पाणी भरून ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर डांबरासारखी काळी. ही काही पक्की लॅब टेस्ट नाही, पण विष्ठेतले जंतू असण्याचा इशारा नक्की आहे.

५०० चा आकडा खोटा नाही, आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आहे तो. पण त्यातच १०० मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतला जंतू) अजिबात नको आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असंही आहे, ते फॉरवर्डवाल्यानं गाळलं (गाळणी तेवढी इथंच लागली). टीडीएस ३०० असतानाही नायट्रेट ८० असू शकतं.

उकळण्याचं म्हणाल तर जंतूंसाठी एकदम बरोबर, पावसाळ्यात उकळाच. पण नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाहीत, पाणी आटलं की उलट वाढतात. घरात बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर नायट्रेट लॅबमधून तपासल्याशिवाय ते पाणी दुधाला वापरू नका.

पोतं मी काढून टाकलंय. केसिंग दीड फूट वर घेऊन झाकण, भोवती काँक्रीटचा ओटा, एवढं करायचंय, आणि तो खर्च मेंटेनन्समधून का, यावर कालपासून ग्रुपवर शंभर मेसेज झालेत.