हिट गाणं आणि पॉपस्टार यांच्यामधलं अंतर

एखादी गायिका वर्षभरात जगभर गाजली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणजे "आवाजच तसा आहे तिचा" आणि दुसरं "सगळा पैशाचा खेळ आहे." मला ही दोन्ही पटत नाहीत. उत्तम आवाजाची माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातली कितीतरी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे कोरस गातात. पैशाचं म्हणाल, तर मोठी लेबलं, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्या, ज्या कलाकारांवर पैसा लावतात, त्यातल्या बहुतेकांचा लावलेला पैसाही वसूल होत नाही. माझं मत असं आहे की एखादं गाणं हिट होणं हा बराचसा योगायोग असतो. पण त्या गाण्यामुळे दारात आलेला श्रोता आत येऊन बसतो की तसाच पुढे जातो, हे आधीच्या चार-पाच वर्षांच्या कामावर ठरतं. पॉपस्टार घडतो तो तिथे.

योगायोग किती मोठा असतो हे मोजून दाखवणारा एक प्रयोग आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केलेला हा प्रयोग २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. अनोळखी बँडची ४८ गाणी एका वेबसाइटवर ठेवली होती आणि १४,३४१ जणांनी भाग घेतला. एका गटाला नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटणी केली होती, आणि आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंय ते त्यांना दिसत होतं. आठही जगांची सुरुवात शून्यापासून. गाणी तीच असूनही निकाल जगागणिक बदलले. आकडे न दिसणाऱ्या गटात २६ व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं, तर दुसऱ्यात ४० वं. पहिल्या काही जणांनी जे उचललं, तेच बघून पुढच्यांनी उचललं, एवढंच त्यामागचं कारण. मात्र याच प्रयोगात असंही दिसलं की अगदी उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली आणि अगदी सुमार गाणी क्वचितच वर आली. म्हणजे दर्जा तुम्हाला सोडतीत बसवतो, सोडत कुणाला लागणार ते त्याच्या हातात नसतं.

आता ही सोडत लागल्यावर काय होतं ते बघू. माझ्या मते अलीकडच्या काळातलं सगळ्यात बोलकं उदाहरण चॅपल रोन या अमेरिकन गायिकेचं आहे. १७ व्या वर्षी तिच्याशी एका मोठ्या लेबलने करार केला. एप्रिल २०२० मध्ये 'पिंक पोनी क्लब' आलं, चाललं नाही, आणि त्याच वर्षी लेबलने तिला सोडलं. ती मिझुरीला आईवडिलांकडे परत गेली, ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीवर काम केलं, आणि २०२२ मध्ये स्वतःच्या बळावर पुन्हा गाणी काढायला लागली. नंतर दुसऱ्या लेबलशी जुळलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये १४ गाण्यांचा अल्बम आला. तेव्हाही फार गवगवा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या टूरवर ओपनिंग अ‍ॅक्ट म्हणून, म्हणजे मुख्य कार्यक्रमाआधी गायला, गेली. एप्रिलमध्ये नवं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, आणि पाठोपाठ कोचेला हा मोठा संगीत महोत्सव. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स बॉल महोत्सवात ती स्वातंत्र्यदेवीच्या वेषात स्टेजवर आली. ऑगस्टमध्ये तो जवळपास वर्षभर जुना अल्बम बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं, आणि मार्चमध्ये २०२० सालचं तेच नापास गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पाच वर्षांत त्या गाण्यातला एक सूरही बदललेला नव्हता.

लोकांना खेचून आणलं ते एप्रिलच्या सिंगलने, आणि ते तर त्या अल्बममध्ये नव्हतंच. ते आवडलं म्हणून नाव शोधणाऱ्याला मात्र मागे १४ गाणी तयार मिळाली. त्याच आवाजाची, त्याच रंगाची, आणि एकही भरतीचं नाही. ही गाणी नसती तर ती लाट तीन आठवड्यांत ओसरली असती. व्हायरल झाल्यावर घाईघाईने अल्बम करायला बसणाऱ्यांची नेमकी हीच गत होते. लिहिणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग आणि वितरण धरून सहा महिने सहज जातात, आणि तोवर लोक पुढच्या गाण्यावर गेलेले असतात.

ओपनिंग अ‍ॅक्टची अडचण ज्यांनी स्टेजमागून पाहिली आहे त्यांना माहीत असते. समोरची गर्दी दुसऱ्याच्या नावावर आलेली असते, निम्मे लोक अजून खुर्च्या शोधत असतात, आणि तुमचं एकही गाणं त्यांना पाठ नसतं. रोनने यावर काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. 'हॉट टू गो' या गाण्याच्या कोरसमध्ये इंग्रजी अक्षरं एकेक करून उच्चारली जातात. गाण्याआधी ती त्या अक्षरांचे हाताचे आकार गर्दीला शिकवायची. शब्द येत नसले तरी हात वर जातात, हजारो हात एकदम वर गेले की तो व्हिडिओ कुणीतरी काढतोच, आणि तो बघणाऱ्यालाही करता येईल इतकं ते सोपं असतं. एका गाण्याने तिथल्या तिथे अनोळखी गर्दी आपलीशी केली, आणि दुसऱ्या दिवशीची जाहिरातही झाली. सब्रिना कार्पेंटरने असंच वेगळ्या रीतीने केलं. तिच्या एका गाण्याच्या शेवटच्या ओळी ती प्रत्येक शहरात नव्याने जुळवायची, त्या शहराचं नाव घेऊन. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी क्लिप फिरायची. तिचं पहिलं सिंगल २०१४ चं आणि खरा स्फोट २०२४ चा, मधली दहा वर्षं लोकांना दिसतच नाहीत.

गाण्याकडे वळू, कारण सोडतीत बसायचं तर आधी ते नीट हवं. ऐंशीच्या दशकात हिट गाण्याची सुरावट सुरू होऊन आवाज यायला वीस सेकंदांच्या आसपास वेळ जायचा. आता तो पाच-दहा सेकंदांत येतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम मोजला जातो, त्यामुळे हुकचा, म्हणजे डोक्यात बसणाऱ्या तुकड्याचा, निदान इशारा तरी त्याआधी लागतो. पण हे ज्ञान स्ट्रीमिंगच्याही आधीचं आहे. स्टॉकहोमच्या चेइरॉन स्टुडिओत मॅक्स मार्टिन या गीतकार-निर्मात्याने ब्रिटनी स्पीयर्ससाठी केलेलं १९९८ चं पहिलं गाणं आठवा. पियानोचे तीन सूर वाजले की गाणं ओळखू येतं. हेच गाणं आधी टीएलसी या गटाला देऊ केलं होतं आणि त्यांनी नाकारलं होतं. रिहानाचं २००७ चं 'अम्ब्रेला'सुद्धा आधी ब्रिटनीच्या लेबलकडे जाऊन परत आलेलं. चांगलं गाणं योग्य गळ्यापर्यंत पोचणं हीसुद्धा एक वेगळी पायरी आहे, आणि ती चुकली तर दोघांचंही नुकसान होतं.

मार्टिनच्या पद्धतीत चाल आधी आणि शब्द नंतर. पहिल्या ओळीची अक्षरं जितकी आणि जिथे वजन, तितकीच आणि तिथेच दुसऱ्या ओळीची. शब्द कितीही सुंदर असला तरी एका अक्षराने चाल अडखळत असेल तर शब्द बदलायचा. कवीला हे टोचतं, पण दुसऱ्या ऐकण्यात ओळ तोंडावर बसते ती यामुळेच.

आवाजाच्या बाबतीत 'एका टेकमध्ये गायलं' याला पॉपमध्ये फारशी किंमत नाही. एका अंतऱ्याचे दहा-वीस टेक, म्हणजे दहा-वीस वेळा रेकॉर्डिंग, घ्यायचे, त्यातून ओळ-ओळ, कधी शब्द-शब्द निवडून एक सलग टेक बांधायचा, यालाच कॉम्पिंग म्हणतात. त्यावर कोरसमध्ये तीच ओळ पुन्हा गाऊन एक थर डावीकडे, एक उजवीकडे, आणि मग वरच्या-खालच्या हार्मनी. चुका दोन ठिकाणी होतात. सूर दुरुस्त करताना सगळंच सरळ केलं की श्वासाचा, गळा भरून येण्याचा भागही पुसला जातो, आणि लोक तर त्यावरच जीव टाकतात. दुसरी चूक पट्टीची. स्टुडिओत ताज्या गळ्याने गाठलेला सर्वांत वरचा सूर कोरसमध्ये ठेवला, तर टूरच्या साठाव्या रात्री तो लागत नाही. कोरसचा वरचा सूर आपल्या मर्यादेच्या एक-दोन अर्धस्वर खालीच ठेवावा.

प्रकाशनाचं काम कंटाळवाणं असतं आणि घात तिथेच होतो. गाणं वितरकाकडे, म्हणजे ते स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, तारखेच्या चार आठवडे आधी द्यावं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ते निदान सात दिवस आधी पाठवलं नाही तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीतही ते हमखास पोचेल याची खात्री राहत नाही. नावाचं स्पेलिंग एकदा वेगळं पडलं की दुसरंच प्रोफाइल तयार होतं आणि आकडे विभागले जातात. वितरक बदलताना जुना आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, तसाच दिला नाही तर आजवरचे स्ट्रीम मागे राहतात. आणि विकतचे स्ट्रीम कधीच घेऊ नयेत. खोटे श्रोते गाणं वाजवतात पण सेव्ह करत नाहीत, परत येत नाहीत, त्यामुळे तुमचं गाणं कुणाला आवडतं हे अल्गोरिदमला चुकीचं शिकवलं जातं. पकडले गेलात तर गाणंच काढून टाकतात.

आकड्यांतही नुसत्या व्ह्यूजकडे बघू नये. बघायचं ते असं: ऐकलेल्यांपैकी किती जणांनी सेव्ह केलं, आठवडाभरात किती जण पुन्हा आले, किती जणांनी कलाकाराचं दुसरं गाणं लावलं, आणि किती जणांनी नाव टाइप करून शोधलं. लाखो रील्समध्ये गाणं वाजतंय आणि नाव कुणी शोधत नाही, ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी हिट गाणं हातात असतं, पण कलाकार अजून कुणाच्या ओळखीचा झालेला नसतो.

ही ओळख कशी होते, याचा पाया मानसशास्त्रात १९५६ सालीच सापडतो. हॉर्टन आणि वोल यांनी टीव्ही-रेडिओवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जडतं, त्याला पॅरासोशल असं नाव दिलं होतं. पॉपस्टार हे नातं रोजच्या कामाने विणतात. बीटीएस हा कोरियन गट २०१३ मध्ये एका छोट्या कंपनीतून आला. गाण्यांइतकेच त्यांचे सरावाचे, जेवणाचे, थकव्याचे व्हिडिओ वर्षानुवर्षं येत राहिले, आणि बिलबोर्डचा पहिला पुरस्कार मिळाला तो २०१७ मध्ये. टेलर स्विफ्टने सुरुवातीच्या अल्बमांच्या पुस्तिकांत मधलीच काही अक्षरं मोठी छापून गुप्त निरोप लपवले. चाहत्याला करण्यासारखं काम मिळालं की तो नुसता श्रोता राहत नाही. शोधतो, दुसऱ्याला सांगतो, वाद घालतो. पण वेष, रंग, बोलणं आणि गाणी एकाच माणसाची वाटली पाहिजेत. दर सिंगलला नवा अवतार घेणारे नवोदित इथेच हरवतात. अवतार बदलण्याचा हक्क ओळख पक्की झाल्यावर मिळतो.

स्टेजवर टिकणं हे शरीराचं काम आहे. स्विफ्टची इराज टूर १७ मार्च २०२३ ते ८ डिसेंबर २०२४ चालली. १४९ कार्यक्रम, प्रत्येक तीन तासांहून मोठा, आणि तिकिटांची विक्री दोन अब्ज डॉलरच्या वर. सहा महिने आधीपासून ती ट्रेडमिलवर धावत रोज सगळी गाणी मोठ्याने गायची, जलद गाण्याला पळत आणि संथ गाण्याला चालत. श्वास कुठे तुटतो ते पहिल्या कार्यक्रमाआधीच कळावं यासाठी याहून साधा उपाय मला माहीत नाही.

पैशाबद्दल बोलायलाच हवं, कारण प्रसिद्ध होऊन कफल्लक राहिलेले कलाकार कमी नाहीत. लेबलने दिलेला अ‍ॅडव्हान्स हा तुमच्या रॉयल्टीतून वळता होतो. समजा एक लाख डॉलर घेतले आणि रॉयल्टी १८ टक्के आहे, तर लेबलकडे साधारण साडेपाच लाख डॉलर जमा होईपर्यंत तुमच्या हातात पुढचा डॉलर येत नाही. मॅनेजरचे १५ ते २० टक्के एकूण मिळकतीवर आहेत की खर्च वजा जाता, हे करारात बघा. टूरवर शंभर मिळाले, ऐंशी खर्च झाले आणि मॅनेजरने शंभरावर वीस टक्के घेतले, तर गायकाच्या वाट्याला शून्य. गाणं बनलं त्याच दिवशी, स्टुडिओतून उठण्याआधी, कुणाचा किती वाटा ते कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चालल्यावर हा विषय काढलात तर मैत्री आणि गाणं दोन्ही अडकतं.

आणि हक्क दोन असतात, एक रचनेचा आणि एक रेकॉर्डिंगचा. २०१९ मध्ये स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ रेकॉर्डिंग्ज तिच्या मनाविरुद्ध विकली गेली. पण गाणी तिने स्वतः किंवा इतरांसोबत लिहिलेली, म्हणून रचनेच्या हक्कात तिचा वाटा होता, आणि पुन्हा रेकॉर्ड करण्यावरच्या बंदीची मुदतही संपत आली होती. तिने २०२१ ते २०२३ मध्ये चार अल्बम नव्याने गाऊन काढले, चाहत्यांनी जुनी सोडून ती ऐकली, आणि मे २०२५ मध्ये तिने मूळ रेकॉर्डिंग्जही विकत घेतली. दुसऱ्याने लिहिलेली गाणी गाणाऱ्याकडे रचनेच्या हक्काचं हे बळ नसतं. नव्या करारात पुन्हा रेकॉर्ड करण्यावरची बंदी किती वर्षांची आहे, ती प्रकाशनाच्या तारखेपासून मोजायची की करार संपल्यापासून, ही ओळ वकिलाकडून सहीच्या आधी वाचून घ्या.